श्रावण संपल्यावर

आषाढ संपत आला की आमच्याकडच्या मटणाच्या दुकानापुढची रांग पिठाच्या गिरणीपर्यंत जाते. अमावास्येला घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे, हा त्या दिवसाचा खरा कुळाचार. पण गप्पा होतात त्या गटारीच्या. एरवी 'बसल्याशिवाय' ज्यांचा शनिवार जात नाही, ती मंडळी महिन्याभराची बेगमी एका रात्रीत करून घेतात. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि मग ही माणसं महिनाभर बाटलीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

याचं कुणाला नवल कसं वाटत नाही, याचंच मला नवल वाटतं. अकरा महिने 'सुटत नाही हो, काय करू' म्हणणारा माणूस बाराव्या महिन्यात हूं की चूं न करता सोडतो. 1 जानेवारीचा संकल्प तिळगूळ वाटेपर्यंत टिकत नाही, श्रावण मात्र पुरा महिना तरतो. माणूस तोच, त्याचा निग्रहही तेवढाच. मग सवय सुटत नाही याचं खापर आपण दर वेळी निग्रहावर का फोडतो?

आमचे भावजी, म्हणजे बहिणीचे यजमान, कट्टर श्रावण पाळणारे. देवधर्माचं त्यांना फारसं नाही, सोमवारचा उपास तर दुपारपर्यंतच चालतो. त्यांना एकदा विचारलं, "भावजी, महिनाभर जमतं कसं तुम्हाला?"

"अहो मेव्हणीबाई, त्यात जमायचं काय? कुणी विचारतच नाही, तर बसायचं कुणाबरोबर?"

मला वाटतं, अर्ध्याहून जास्त उत्तर यातच आहे. श्रावणात 'बसायचं का?' हा फोन येत नाही, कारण फोन करणाराही पाळत असतो. घरात तळलेले बोंबील नसतात, की ज्यांच्या वासानं बाकीचं आठवावं. लग्नाच्या हळदीला नाही म्हटलं तर मित्र हात धरून ओढतात, 'एकानं काय होतंय' म्हणतात. तेच मित्र 'श्रावण आहे' एवढं ऐकलं की मुकाट्यानं थम्सअप पुढं करतात. शिवाय स्वतःशी घासाघीस करावी लागत नाही. एरवी रोज संध्याकाळी नवं कारण निघतं. आज पाऊस आहे, आज पगार झाला, आज मॅच आहे, आज साहेबानं डोकं खाल्लं. श्रावणात पाऊसही असतो आणि साहेबही असतो, पण प्रश्नच निघत नाही. 2023 साली अधिक श्रावण आला, तेव्हा मात्र घासाघीस झाली. 18 जुलैला सुरू झालेला श्रावण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लांबला आणि 'अधिक धरायचा की नुसता निज?' यावर एरवी पंचांग न उघडणारी माणसं शास्त्रार्थ करू लागली. नियमाला एवढीशी फट पडली की सवय तिथूनच डोकावते.

सवय ही माणसात जेवढी असते, तेवढीच जागेत आणि वेळेत असते. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञांचा 2011 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी सिनेमाला आलेल्या लोकांना पॉपकॉर्न वाटले, काहींना ताजे, काहींना आठवड्याचे शिळे. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खायची सवय होती, त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच खाल्ले. चव आवडली नाही असं स्वतःच सांगितलं, तरी खाल्ले. तसल्याच सवयीच्या लोकांना साध्या बैठकीच्या खोलीत बसवून शिळे दिले, तर त्यांनी हात आखडता घेतला. आणि थिएटरातच, पण नेहमीच्या नव्हे तर दुसऱ्या हातानं खायला लावलं, तेव्हाही शिळे कमी गेले. हात अडखळला तेव्हा कुठं जिभेचं म्हणणं ऐकू आलं. नाट्यगृहात मध्यंतराची घंटा झाली की भूक असो नसो, बटाटेवड्याच्या रांगेत आपोआप उभी राहणारी मी हे वाचून बराच वेळ हसत होते.

हाताचं हे प्रकरण तंबाखूत तर सगळ्यात पक्कं. एसटीच्या थांब्यावर बघा. बोलता बोलता डबी निघते, तळहातावर चिमूट पडते, चुना लागतो, अंगठा फिरतो, दोन थापट्या, फक्की उडते आणि बार गालात जातो. या सगळ्यात बोलणं एकदाही थांबलेलं नसतं. खाणाऱ्याला नंतर विचारलं तर कधी खाल्ली ते आठवत नाही. बायकांची मशेरी तशीच: तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि पहाटे उंबऱ्यात बसून बोटानं दातांवर फिरवत राहायची. 'दात दुखतो म्हणून लावते' हे कारण दात पडून गेल्यावरही चालू असतं. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतून भराभर रक्तात उतरतं, हे रसायनशास्त्र कुणी शिकवलेलं नसलं तरी हाताला ठाऊक असतं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास चारात एक जण अशी बिनधुराची तंबाखू वापरणारा निघाला.

आणि तंबाखूला श्रावण नाही. किती माळकरी मी पाहिलेत, गळ्यात तुळशीची माळ पडली त्या दिवसापासून मांस-मदिरेचं नाव नाही, गावही त्यांच्यापुढं तसलं ताट आणत नाही. पण कोपरीच्या खिशात चंची असतेच. लोकांनी ती कधी त्या यादीत धरलीच नाही. उलट अनोळखी माणसाकडं हक्कानं मागावी अशी ही एकच वस्तू. 'चुना आहे का?' एवढ्यावर रेल्वेच्या डब्यात ओळखी होतात. सोडायची म्हणजे ती ओळखसुद्धा सोडायची, हे तंबाखूविरोधी पाट्या रंगवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ज्यांचं शरीरच दारूवर चालतं, त्यांच्यासाठी हे खेळ नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी थांबणं जिवावर बेतू शकतं. हात थरथरणं, भास होणं, झटके येणं, यासाठी डॉक्टरच हवा. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट या डॉक्टर दांपत्यानं 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथंही माणसाला काही आठवडे त्याच्या गल्लीपासून, मित्रांपासून, नेहमीच्या वाटेपासून दूर ठेवतात. आणि नुसतं दूर ठेवून भागत नाही म्हणून घरी परतल्यावरही पाठपुरावा करतात. कारण घरी परतलं की तीच वाट असते.

श्रावणाची गोची इथंच आहे. तो संपतो. संपायची तारीख आधीपासून भिंतीवर टांगलेली असते आणि लोक तेवढे दिवस मोजून काढतात. मधल्या काळात त्या शनिवार संध्याकाळी दुसरं काही येऊन बसलेलं नसतं, ती रिकामीच असते. मग पहिला फोन आला की भरते. आणि महिना तसा अपुराच. '21 दिवसांत सवय लागते' हे जे सगळीकडे ऐकू येतं, ते 1960 साली एका अमेरिकी प्लास्टिक सर्जननं आपल्या रुग्णांवरून बांधलेल्या अटकळीतून पसरलं. लंडनमध्ये 96 जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 होतील असा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. आपल्याकडे एक दिवस चुकला की 'आता मोडलंच आहे तर' म्हणून पुढचा आठवडा साजरा होतो.

जुन्या बायका चातुर्मासाचा नेम धरायच्या, तो आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, चांगला चार महिन्यांचा. कांदेनवमीला कांदा-वांगी पोटभर खाऊन घ्यायची आणि मग बंद. माझ्या आजीनं एका वर्षी चहा सोडला होता. पण सकाळची ती वेळ तिनं मोकळी ठेवली नाही. त्याच कपात, त्याच पाटावर बसून गवती चहाचा काढा प्यायची. कार्तिकी झाल्यावर चहा पुन्हा सुरू झाला, पण दुपारचा गेला तो गेलाच.

हा लंडनचा आकडा मी भावजींना सांगितला. त्यांनी बँकेतली नोकरी केलेली, लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढून मोजायला लागले. श्रावण तीस, गणपती विसर्जनाला चव्वेचाळीस, सर्वपित्रीला साठ, आणि दसऱ्याला सत्तरच्या घरात. "म्हणजे दसऱ्यापर्यंत ओढलं की झालं," म्हणाले. बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि शनिवारी करणार काय, माझं डोकं खाणार?" मग शनिवारी संध्याकाळी नातवाला पोहायला न्यायचं ठरलं, त्याच वेळेला.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मित्रांचा फोन आला, "झालं ना तुझं? बसायचं का?" भावजी म्हणाले, "कोजागिरीला या, गच्चीवर बसू." ती मंडळी आली. पातेलंभर मसाला दूध आणि भेळ पाहून दोघांना अचानक आपापल्या घरची कामं आठवली. बाकीच्यांनी दोन दोन पेले दूध घेतलं आणि पत्ते बाराला आवरले.