आमची वाटचाल : खरखरीसकट

२००९च्या मंदीत न्यू जर्सीतली माझी सॉफ्टवेअरची नोकरी गेली. आदल्याच उन्हाळ्यात शेजारच्या गॅरेज सेलमध्ये साठच्या दशकातल्या गॅरेज रॉक गाण्यांचा चार सीडींचा एक संच घेतला होता, ‘नगेट्स’. दुकानाचं खूळ त्यातूनच डोक्यात शिरलं. आईला फोनवर सांगितलं, “गॅरेज रॉकच्या रेकॉर्डी विकणार.” ती म्हणाली, “म्हणजे स्कूटर दुरुस्ती का रे?” नाशकात गॅरेज म्हणजे तेच! इथे पोरं बापाची गाडी बाहेर काढून त्या जागेत गिटार बडवायची, म्हणून हे नाव.

मूळ ‘नगेट्स’ १९७२चा, एलेक्ट्रा कंपनीचा दुहेरी अल्बम. १९६५ ते ६८ मधली २७ गाणी, निवड लेनी के यांची. पुढे रॉक गायिका पॅटी स्मिथबरोबर गिटार वाजवणारे ते हेच. १९९८मध्ये ऱ्हायनो कंपनीनं हा चार सीडींचा संच काढला तेव्हा गाणी ११८ झाली. मी गाण्यांपेक्षा सोबतच्या पुस्तिकेतच जास्त रमलो. बीटल्सच्या नादानं गावोगावी बँड निघालेले. पदरच्या पैशानं काही शे सिंगल, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डी, छापायच्या, शाळेतल्या नाचाला विकायच्या, गावच्या रेडिओवर लागलं तर नशीब. मग कोणी कॉलेजला, कोणी व्हिएतनामला. टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स या बँडमध्ये तर एक जण चक्क मडक्याच्या तोंडाशी माइक धरून त्यात घुमायचा. (घटम्‌वाल्यांनी जरूर ऐकावं.)

पहिल्याच वर्षी जबर फटका बसला. ‘मूळ छपाई’ म्हणून घेतलेल्या खोक्यातल्या निम्म्या सिंगल नंतरच्या नकला निघाल्या. तेव्हापासून लेबल नंतर बघतो. आधी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे रेकॉर्ड कुठल्या साच्यातून निघाली त्याची खूण, वाचतो.

शौकीन मंडळी मूळ सिंगलसाठी जीव टाकतात. पण दुकानाचं भाडं निघतं ते ‘पेबल्स’ आणि ‘बॅक फ्रॉम द ग्रेव्ह’सारख्या संकलनांवर, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. त्यांच्याशिवाय त्या सिंगल कोणी शोधल्या असत्या?

तक्रार एकच येते, नव्या रेकॉर्डला खरखर. मूळ टेप हरवलेल्या, म्हणून कित्येक गाणी जुन्या सिंगलवरूनच उतरवून घेतलेली, ओरखड्यांसकट. एका गिऱ्हाइकाला हे पटेना. त्यानं तीच रेकॉर्ड तीनदा बदलून नेली. चौथीही त्याच ओळीला, त्याच जागी खरखरली, तेव्हा हसला आणि ठेवून घेतली.