एक माऊस, एक कीबोर्ड आणि दोन संगणक : माझा अनुभव

मी सांगलीला घरूनच मराठी पुस्तकांची पाने लावण्याचे काम करते. टेबलाच्या उजव्या बाजूला विंडोजचा डेस्कटॉप आहे, त्यावर इनडिझाइन या पाने लावण्याच्या प्रोग्राममध्ये पुस्तक उघडलेले असते. डाव्या बाजूला उबुंटू 22.04 ही लिनक्स प्रणाली असलेला लॅपटॉप आहे, त्यावर लेखकाने दुरुस्त्या करून पाठवलेले प्रूफ असते. डावीकडची दुरुस्ती वाचायची, उजवीकडे ती करायची आणि पुन्हा डावीकडचे पान पुढे सरकवायचे, असे एकेका पानामागे पंधरा-वीस वेळा करावे लागते. प्रत्येक वेळी हात एका माऊसवरून दुसऱ्या माऊसवर न्यावा लागत असल्याने संध्याकाळपर्यंत खांदा भरून येत असे. त्याहून वाईट म्हणजे घाईत चुकीच्या कीबोर्डवर बोटे पडत आणि लेखकाला लिहिलेल्या उत्तरात जायचा शब्द प्रकरणाच्या मध्यभागी जाऊन बसत असे. अशी एक चूक शेवटच्या प्रुफात सापडली, तेव्हा यावर उपाय करायचाच असे ठरवले.

आधी मी बाजारातून बटणाचा यूएसबी स्विच आणला. एका बाजूला माऊस आणि कीबोर्ड जोडायचे, दुसऱ्या बाजूने दोन केबल दोन संगणकांना द्यायच्या आणि बटण दाबले की दोन्ही वस्तू या संगणकावरून त्या संगणकावर जातात. दिवसातून चार-पाच वेळाच संगणक बदलणाऱ्याला हे साधन पुरेसे आहे आणि त्याला काही इन्स्टॉल करावे लागत नाही. माझ्या कामात मात्र बटण दाबल्यावर संगणकाने माऊस नव्याने ओळखेपर्यंतचे दोन-तीन सेकंद दर दुरुस्तीला जाऊ लागले. शिवाय एका संगणकावर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर पेस्ट करता येत नव्हता, कारण स्विचमधून फक्त कळा आणि माऊसची हालचाल जाते.

म्हणून मी एकच माऊस-कीबोर्ड नेटवर्कवरून दोन्ही संगणकांवर चालवणाऱ्या प्रोग्रामकडे वळले. दोन्ही संगणक विंडोजचे असते तर मायक्रोसॉफ्टचा ‘माऊस विदाउट बॉर्डर्स’ वापरला असता; तो 2023 पासून पॉवरटॉइज या मोफत संचात मिळतो. दोन्ही ॲपलचे असते तर 2022 मध्ये आलेले ‘युनिव्हर्सल कंट्रोल’ होतेच. माझी जोडी मिश्र असल्याने मी सिनर्जी या जुन्या प्रोग्रामपासून फुटून तयार झालेला, मोफत आणि मुक्त स्रोत असलेला बॅरियर निवडला आणि दोन्हीकडे त्याची 2.4.0 ही आवृत्ती घेतली. ज्या संगणकाला माऊस-कीबोर्ड प्रत्यक्ष जोडलेले आहेत तो सर्व्हर आणि दुसरा क्लायंट, अशी याची रचना असते. सर्व्हरवर चौकटींचा एक तक्ता दिसतो; त्यात लॅपटॉपचे चित्र डेस्कटॉपच्या डाव्या चौकटीत ओढून ठेवले की कर्सर डाव्या कडेला नेताच पलीकडच्या पडद्यावर उतरतो.

निदान तसे व्हायला हवे होते. पहिल्या दिवशी लॅपटॉप जोडणीचा प्रयत्नच करत राहिला. डेस्कटॉपवर घरचे वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेले असल्याने विंडोजची फायरवॉल बाहेरून येणारी जोडणी अडवत होती. ते ‘प्रायव्हेट’ करून बॅरियरला परवानगी दिली, तेव्हा 24800 हा त्याचा पोर्ट, म्हणजे जोडणी आत येण्याचे दार, मोकळा झाला. मग क्लायंटचे नाव ओळखता येत नाही, असा संदेश आला. तक्त्यात मी लॅपटॉपला हौसेने वेगळे नाव दिले होते; तिथे लॅपटॉपवरच्या बॅरियरमध्ये दिसणारे नावच अक्षरशः तसेच्या तसे लागते. त्यापुढे एसएसएल, म्हणजे जोडणीतून जाणारे सगळे गुप्त ठेवणारी व्यवस्था, हिच्या प्रमाणपत्राची फाइल सापडत नसल्याची तक्रार आली. एसएसएलची खूण काढून टाकली की ही तक्रार लगेच मिटते, पण तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या जोडणीतून आपण दाबलेली प्रत्येक कळ जाते, बँकेच्या पासवर्डाचीसुद्धा, आणि एसएसएल नसेल तर ती नेटवर्कवरून उघडी जाते. मी लॅपटॉपवर ओपनएसएसएल या प्रोग्रामने प्रमाणपत्र तयार करून बॅरियरच्या फोल्डरात ठेवले आणि दोन्ही पडद्यांवर आलेले ठसे, म्हणजे अंक-अक्षरांच्या त्या लांबलचक ओळी, जोडी-जोडीने ताडून पाहूनच होकार दिला.

आता जोडणी झाल्याचा संदेश आला, पण कर्सर डाव्या कडेला नेला की डेस्कटॉपवरून नाहीसा होई आणि लॅपटॉपवर काहीच हलत नसे. यात माझे दोन दिवस गेले, कारण मी चूक बॅरियरमध्ये शोधत होते आणि ती होती उबुंटूच्या सत्रात. उबुंटू 22.04 सहसा वेलँड या खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या व्यवस्थेवर सुरू होतो आणि वेलँड सुरक्षिततेसाठी एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत परस्पर कळा दाबू किंवा माऊस हलवू देत नाही. झॉर्ग या तशाच जुन्या व्यवस्थेवर ती मुभा आहे. मी लॉग आउट केले, लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर क्लिक करून ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ निवडले आणि पासवर्ड टाकला. डेस्कटॉपच्या माऊसने ढकललेला बाण लॅपटॉपच्या उजव्या कडेतून बाहेर आला, तेव्हा मी तो चार-पाच वेळा नुसता इकडून तिकडे नेऊन पाहिला.

त्यानंतरच्या दुरुस्त्या माझ्या कामाच्या होत्या. इनडिझाइनची टूलची पट्टी पडद्याच्या डाव्या कडेलाच असते, त्यामुळे टूल उचलायला गेले की कर्सर लॅपटॉपवर निसटे. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कडेला 250 मिलिसेकंद थांबल्यावरच पलीकडे जाण्याची सोय आहे. ती सुरू केल्यावर हे निसटणे जवळजवळ थांबले. अगदी बारीक काम असेल तेव्हा मी स्क्रोल लॉक दाबते, म्हणजे कर्सर आहे त्याच पडद्यावर बांधून राहतो. या कळीचा उपयोग मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झाला.

मराठीचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. मी इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीवर टाइप करते. लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड निवडला आणि डेस्कटॉपवर इंग्रजी असले, तर लॅपटॉपवर रोमन अक्षरेच उमटतात, कारण कोणती कळ म्हणजे कोणते अक्षर हे आधी सर्व्हर ठरवतो आणि ते अक्षर पलीकडे पाठवतो. मराठीतले मोठे उत्तर मी आता डेस्कटॉपवरच लिहिते, कॉपी करते आणि कर्सर लॅपटॉपवर नेऊन तिथे पेस्ट करते. क्लिपबोर्ड दोघांत सामाईक असल्याने जोडाक्षरे, रफार, सगळे जसेच्या तसे पोहोचते. प्रुफातला चुकलेला उतारा उलट दिशेने आणतानाही हीच सोय उपयोगी पडते.

महिनाभराने एकदा वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि जोडणी तुटली. डेस्कटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, बदलला होता आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता. राउटरच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवल्यापासून तसे झालेले नाही. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने बॅरियर घेऊ नये, कारण त्याचा विकास थांबला आहे. त्याच घराण्यातले इनपुट लीप किंवा डेस्कफ्लो पाहावे. माझे हातातले पुस्तक संपले की मीही बदलणार आहे.

खांद्याचे दुखणे बरेच कमी झाले आहे. लॅपटॉपचा माऊस काढून ठेवला, त्या जागेवर आता छापील शब्दकोश उघडा राहतो. बॅरियर लॉगिननंतरच सुरू होत असल्याने सकाळचा पासवर्ड मात्र मी लॅपटॉपच्याच कीबोर्डवर टाकते.