गोदेचा पूर, १,२०० जॉब आणि पोटमाळ्यावरची रांग

गोदावरीच्या पुराचं मॉडेल एकदाचं न कोसळता चाललं. आता आकडे बदलत नाशिकच्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कुठवर चढतं ते बघायचं होतं. गंगापूर धरणाचा विसर्ग ५,००० ते ६०,००० क्युसेक अशा बारा पायऱ्यांत, पात्राच्या खडबडीतपणाचा मॅनिंग गुणांक ०.०२५ ते ०.०७० असा दहा, आणि शहरातल्या नाल्यांच्या पाण्याचे दहा अंदाज. प्रत्येक मेळ एकदा चालवायचा म्हणजे झाले १,२०० रन.

हे चालवायला क्लस्टर, म्हणजे अंबडला मित्राच्या वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर मांडलेले पाच सेकंडहँड डेस्कटॉप. प्रत्येकी चार कोअर, १६ जीबी रॅम, वर स्लर्म, म्हणजे कामं (जॉब) रांगेत लावून मशीनांना वाटणारं सॉफ्टवेअर. वापरणारे आम्ही चौघं.

पहिल्या रात्री मी फॉर लूपमधून १,२०० वेळा एसबॅच (जॉब रांगेत टाकायची आज्ञा) मारलं आणि झोपलो. सकाळी चौघांतल्या एकाचा, कॉम्प्युटरवर चित्रं रेंडर करणाऱ्याचा, फोन: "अरे, तुझ्या पुरात माझं रेंडर वाहून गेलं की रे!" रांगेत सगळीकडे मीच होतो.

मग शहाण्यासारखा जॉब ॲरे (एकाच आज्ञेत क्रमांक लावलेले अनेक जॉब) केला, तर स्लर्मने तो घेतलाच नाही. मॅक्सॲरेसाइझ हे सेटिंग मुळात १००१ असतो, म्हणजे क्रमांक १००० च्या पुढे जात नाही. सेटिंग बदलण्यापेक्षा ६००-६०० चे दोन ॲरे केले आणि दोन्हींना टक्क्याची खूण लावून एका वेळी सहा-सहा अशी मर्यादा घातली. एकूण बारा माझे, आठ कोअर बाकीच्यांना.

तरी गाडी हलेना. चूक मेमरीत होती. "असू दे जास्त" म्हणून प्रत्येक जॉबला ८ जीबी मागितले होते. एका मशीनवर दोनच जॉब मावायचे आणि उरलेले दोन कोअर माश्या मारत बसायचे. एसॲक्टमध्ये (संपलेल्या जॉबचा हिशोब) मॅक्सआरएसएस, म्हणजे जास्तीत जास्त वापरलेली मेमरी, बघितला तर खरा वापर ६०० एमबीच्या आसपास. १ जीबी मागितल्यावर चारही कोअर भरले.

वेळेचंही तेच. जॉबच्या कमाल वेळेत मी २४ तास लिहिले होते. रेंडरवाल्याला पाचही मशीन एकदम हवी असतात. ती मोकळी होईपर्यंत मधे फटी राहतात आणि स्लर्मचा बॅकफिल त्या फटींत छोटे जॉब सरकवतो. पण २४ तासांचा जॉब तो फटीत कसा बसवणार? एसटीत पाच जणांना शेजारी-शेजारी जागा मिळायला वेळ लागतो, पुढच्याच थांब्यावर उतरणारा मात्र कुठेही टेकतो. ३० मिनिटं लिहिली आणि जॉब धडाधड आत गेले.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं थ्रेड्सनी, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या एकदम चालणाऱ्या धाग्यांनी. एका मशीनवर चार जॉब आले की प्रत्येक रन २५ मिनिटांवर जायचा. माझा सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) ओपनएमपीवर, म्हणजे काम अनेक कोअरवर वाटणाऱ्या पद्धतीवर, आहे, तो सांगितलं नाही तर दिसतील तेवढे कोअर पकडतो. जॉबला त्याच्या वाट्याच्या कोअरपुरतं बांधणारं सीग्रुपचं कुंपण आमच्याकडे नाही, त्यामुळे चार कोअरवर सोळा थ्रेड भांडत होते. थ्रेडची संख्या ठरवणारं ओएमपी_नम_थ्रेड्स १ केलं, रन ११ मिनिटांवर आला. शंभर फेऱ्या, म्हणजे साधारण १८ तास. मधे लाईट गेली, ३७ रन मेले. तेवढेच क्रमांक ॲरेत देऊन पुन्हा टाकले.

आता निकाल. जमिनीच्या उंचीचा डेटा रडारने घेतलेला, ३० मीटरच्या चौकोनांचा, रामकुंड अख्खं एका चौकोनात मावतं, आणि रडारला पाण्याखालचा तळ दिसत नाही. त्यामुळे पातळीच्या आकड्यांवर माझा फारसा भरवसा नाही. पण तक्ता बघताना एक गोष्ट खटकली: २०,००० क्युसेक नि ०.०६०, आणि ४०,००० नि ०.०३०, यांची पातळी जवळपास सारखीच. मॅनिंगचं सूत्र काढून बसलो. रुंद पात्रात खोली ठरते ती विसर्ग आणि गुणांक यांच्या गुणाकारावर! म्हणजे निम्मे-अधिक रन एकमेकांच्या झेरॉक्स. पाणी कधी पोचतं ते वेगळं येतं, वेग बदलतो म्हणून, पण कुठवर चढतं यासाठी एवढी जाळी लागतच नव्हती.

रेंडरवाल्याला हे अजून सांगितलेलं नाही. पुढच्या खेपेला ३०० च टाकतोय.