पोकलेनचा पगार: महिन्याचा आकडा नको, तासाचा दर विचारा

ऑपरेटर हवा असला की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पंचवीस हजार, राहायची सोय आपली." ऐकायला बरं वाटतं. शिफ्ट बारा तासांची आहे, रविवारची सुट्टी नाही आणि पाऊस लागला की मशीन उभं, पगार अर्धा, हे साइटवर पोहोचल्यावर कळतं. आता २५,००० रुपयांना ३० दिवस गुणिले १२ तास, म्हणजे ३६० तासांनी भागा. तासाला ६९ रुपये पडतात.

याच्या शेजारी सरकारी आकडा ठेवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या अखत्यारीतल्या बांधकामांसाठी जे किमान वेतन लागू झालं, त्यात मुंबई धरून 'अ' क्षेत्रात कुशल कामगाराला दिवसाला ९५४ रुपये आणि अतिकुशल कामगाराला १,०३५ रुपये होते. त्यातला महागाई भत्ता दर एप्रिल आणि ऑक्टोबरला नव्याने ठरतो. हे दर रेल्वे आणि मोठी बंदरं अशा कामांचे. खासगी टॉवरच्या साइटला राज्याचे दर लागतात, ते वेगळे. पण हिशेबाची पद्धत तीच. ९५४ रुपये आठ तासांचे, म्हणजे तासाला ११९. त्यापुढचे चार तास ओव्हरटाइम दुप्पट दराने धरले की बारा तासांच्या दिवसाचे १,९०८ होतात. २६ दिवसांचे ४९,६०८.

म्हणून नोकरी घेताना चार गोष्टी आधी विचारा आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: शिफ्ट किती तासांची, आठवड्याची सुट्टी पगारी की नाही, मशीन बंद पडलं किंवा काम थांबलं तर हजेरी लागणार की नाही, आणि खुराकी, म्हणजे जेवणाचे पैसे, पगारात की पगारावर. तिसऱ्या प्रश्नावर ठेकेदार सगळ्यात जास्त आढेवेढे घेतो, कारण मुंबईत मशीन उभं राहायला निमित्तं पुष्कळ. महापालिका रस्त्यांची खोदाई ३१ मेपर्यंत उरकायला लावते. रहदारीच्या रस्त्यावर पोलिसांची परवानगी रात्रीपुरती मिळते. वस्तीत रात्री दहानंतर ब्रेकर, म्हणजे पोकलेनला लावलेला खडक फोडायचा हातोडा, वाजवला की तक्रार जाते. आणि डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्वेला हवा बिघडली म्हणून महापालिकेने सरसकट बांधकामंच थांबवली होती. यातल्या कशातही ऑपरेटरचा दोष नाही, पण रोजंदारीवर असाल तर भुर्दंड तुम्हालाच.

आता मशीन कुठलं, यावर. जेसीबी शिकायला सोपं आणि गावोगाव आहे. त्यामुळे ते चालवणारेही गावोगाव आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर मालकाला संध्याकाळपर्यंत दुसरा मिळतो, म्हणून त्याचा पगार वीस-पंचवीस हजारांच्या आसपास अडकून राहतो. जेसीबी शिकू नका असं नाही. हेल्पर म्हणून ग्रीसगन हातात घ्यायची, मग बकेट, मग लोडिंग, हा रस्ता चांगलाच आहे. पण दोन-तीन वर्षांत त्यातून पुढच्या मशीनवर सरकला नाहीत तर दहा वर्षांनंतरही तासाचा दर फारसा हललेला नसतो.

पुढची पायरी पोकलेन, आणि मुंबईत पोकलेन म्हणजे ब्रेकर. या शहराच्या खाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे. वर कुठे मुरूम, कुठे जुना भराव, आणि वडाळा-शिवडीकडे खाडीचा चिखल. तीन मजली तळघराचा खड्डा काढायचा तर निम्मं काम खडक फोडण्याचं. ब्रेकर कोणालाही वाजवता येतो, पण न मोडता वाजवणारा ऑपरेटर मालक सोडत नाही, कारण एक ब्रेकर उघडायचा खर्च त्याच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढा असतो. छिन्नी खडकाला काटकोनात टेकवायची, मशीनचं वजन तिच्यावर घ्यायचं, मगच पेडल दाबायचं. एका जागी १५ ते ३० सेकंदांत खडक फुटला नाही तर तिथेच ठोकत बसायचं नाही, कडेकडेने जागा बदलायची. नाहीतर छिन्नीचं टोक तापून मऊ पडतं. खडक फुटला की पेडल लगेच सोडायचं. हवेत ठोकलं की सगळा धक्का ब्रेकरच्याच लांब बोल्टवर जातो आणि ते तुटतात. ग्रीस साधारण दर दोन तासांनी, आणि तेही छिन्नी जमिनीवर उभी दाबून. लोंबकळत्या छिन्नीला ग्रीस मारलं तर ते छिन्नीच्या वर पिस्टनच्या जागेत जातं आणि सील फुटतं. छिन्नीची पहार करून दगड उचकटणं हा मोडतोडीचा सगळ्यात सरळ मार्ग. घाईत बहुतेक जण तेच करतात.

खरा पैसा माझ्या मते पायलिंग रिगमध्ये आहे, म्हणजे इमारतीच्या पायाच्या खांबांसाठी (पाइल) खोल भोकं पाडणाऱ्या मशीनमध्ये. अनुभवी रिग ऑपरेटरला जेसीबीवाल्याच्या दुप्पट आणि वर मीटरमागे बक्षीस मिळणं हे नवल नाही. कारणही रास्त आहे. जेसीबीवाल्याला खड्डा दिसतो, रिगवाल्याला वीस-पंचवीस मीटर खाली काय चाललंय ते दिसत नाही. टॉर्कचा काटा, इंजिनचा आवाज आणि बकेटमधून वर आलेला माल एवढ्यावरच ओळखायचं. चिखलात केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून लोखंडी नळा, उतरवायचं, मुरमात बकेट, कुजक्या खडकात रॉक ऑगर, टणक खडकात कोअर बॅरल, म्हणजे कडेला दात असलेला पोकळ नळा. टूल उशिरा बदललं तर दात झिजतात आणि तासाला दोन बोटंही खाली जात नाही. केली बार, म्हणजे टूल खाली नेणारा लांब दांडा, तळाला टेकल्यावर विंच सोडत राहिलात तर दोर ढिला पडून ड्रमवर गुंता होतो, आणि तो सोडवण्यात अर्धी शिफ्ट जाते. उभ्या पाइलला आयएस २९११ या भारतीय मानकाप्रमाणे दीड टक्का कल चालतो, म्हणजे २० मीटरला ३० सेंटिमीटर. मास्टचा, म्हणजे मशीनच्या उभ्या खांबाचा, कल सुरुवातीला एकदा बघून भागत नाही. टूल बदललं की पुन्हा बघायचा, खालची प्लेट किंवा भराव खचला की पुन्हा. पाइल वाकडी गेली तर शेजारी दुसरी मारावी लागते आणि त्या काँक्रीटचा हिशेब कोणाच्या नावावर लिहायचा यावर साइटवर भांडणं होतात. रिगवर थेट कोणी बसवत नाही. वर्ष-दीड वर्ष रिगर किंवा हेल्पर म्हणून टूल बदलायला हात लावा, मग भरणीच्या सोप्या बोअरवर बसायला मिळतं.

टॉवर क्रेनला मुंबईत मागणी कायम आहे, कारण पुनर्विकासात आता चाळीस-पन्नास मजले सर्रास झालेत. यात हात चालवण्यापेक्षा डोकं चालवणं जास्त. लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलायचं याचा तक्ता, पाठ हवा. क्रेन जवळच्या अंतरावर जेवढं वजन लीलया उचलते, त्याच्या चौथाई वजनाला जिबच्या, म्हणजे आडव्या हाताच्या, टोकाकडे नाही म्हणते. वाऱ्याची मर्यादा बहुतेक कंपन्या ताशी ७२ किलोमीटर देतात, पण शटरिंगची मोठी प्लेट लटकत असेल तर त्याच्या किती तरी आधीच थांबावं लागतं. शिफ्ट संपली की हूक वर घ्यायचा आणि स्ल्यूचा (गोल फिरण्याचा) ब्रेक सोडून द्यायचा, म्हणजे जिब वाऱ्यासोबत फिरत राहील. ब्रेक लावून उतरलात आणि रात्री मान्सूनपूर्व वादळ आलं, तर सगळा वारा मास्टवर येतो. सिग्नल एकाच माणसाचा मानायचा, पण 'थांब' कोणीही म्हणालं तरी थांबायचं. माल दिसत नसेल आणि वॉकीटॉकीही बंद असेल, तर नाही म्हणायला शिका. आणि नोकरी घेताना वर चढायला लिफ्ट आहे का ते विचारा. दीडशे मीटर शिडी रोज दोनदा चढायची तर तो प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा.

हायड्राबद्दल थोडंच. माल लटकवून चालवायची मशीन, आणि बूम अगदी डोळ्यांसमोर, त्यामुळे पुढून चालणारा माणूस दिसत नाही. मोठ्या ठेकेदारांच्या बऱ्याच साइटवर जुनी हायड्रा आता आत घेत नाहीत, पुढे केबिन असलेली फराना मागतात. शिकायचीच तर तीच शिका.

बोगद्यांची कामं वेगळ्या रांगेतली. बीकेसी ते शिळफाटा हा बुलेट ट्रेनचा बोगदा २१ किलोमीटरचा, त्यातले सुमारे १६ टीबीएमने, म्हणजे बोगदा पोखरणाऱ्या मोठ्या मशीनने, आणि ५ सुरुंग लावून. गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली हे बोगदे राष्ट्रीय उद्यानाखालून जातात. टीबीएमच्या पायलटच्या खुर्चीवर बहुतेक डिप्लोमावाले इंजिनिअर बसतात, पण खडकात सुरुंगाची भोकं पाडणारा ड्रिल जंबो, भिंतीवर काँक्रीट फवारणारं शॉटक्रीट मशीन, बोगद्याच्या अस्तराचे काँक्रीटचे तुकडे (सेगमेंट) उचलणारी गँट्री क्रेन यांना ऑपरेटरच लागतो. इथे शिकलेला माणूस काम संपल्यावर रिकामा बसत नाही, दुसऱ्या शहरातला बोगदा त्याला बोलावतो. त्यासाठी घर सोडायची तयारी मात्र हवी.

कागदपत्रांचा कंटाळा करणारे इथे मागे पडतात. टायरवरची मशीन रस्त्यावर आणायची तर आरटीओचं पासिंग लागतं, आणि परवान्यावर त्या मशीनचा वर्ग लागतो: लोडर-एक्स्कॅव्हेटर वेगळा, क्रेन वेगळा, रोड रोलर वेगळा. कारचा परवाना खिशात ठेवून जेसीबी हायवेवर काढणारे शेकड्याने आहेत. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तोच वर्ग बघते आणि हात वर करते, आणि गुन्हा पहिला ऑपरेटरवर नोंदला जातो. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चेनवरच्या पोकलेनला पासिंग लागत नाही, ती ट्रेलरवरून जाते, पण मोठ्या साइटचा सेफ्टी ऑफिसर प्रमाणपत्र मागतोच. ते इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं चालतं. आधीपासून मशीन चालवत असाल तर सगळा कोर्स करायची गरज नाही, पूर्वानुभवाची परीक्षा देऊन ते मिळतं. नवख्यांनी एक लक्षात ठेवा: महिना-दोन महिन्यांच्या कोर्सने गेटपास मिळतो, हात बसत नाही. "कोर्स करा, चाळीस हजारांची नोकरी घ्या" असं सांगणाऱ्याला आधी विचारा, प्रत्यक्ष मशीनवर किती तास देणार? सिम्युलेटरचे तास त्यात धरू नका.

लिफ्टिंग मशीन आणि वाहनं चालवणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी वयाच्या चाळिशीपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी व्हायला हवी, असं बांधकाम कामगारांच्या केंद्रीय नियमांत आहे. खर्च मालकाचा. डोळ्यांत खोट निघेल म्हणून टाळू नका. चष्म्याने काम भागतं. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणीही करून ठेवा: वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम एवढीच अट. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी तरी करा.

रोजच्या कामात नुकसान कुठे होतं तेही सांगतो. लॉगशीटवर सुरुवातीचं आणि शेवटचं अवरमीटर लिहून साइट इंजिनिअरची सही रोजच्या रोज घ्या आणि फोटो काढा. महिन्याच्या शेवटी सही मागायला गेलात की इंजिनिअर बदललेला असतो. डिझेल भरताना मीटरचा आकडा लिहा, म्हणजे चोरीचा आळ आला तर तासाचं ॲव्हरेज दाखवता येतं. आणि मुंबईच्या रस्त्यात बकेट घालण्याआधी हाताने चाचणी खड्डा घ्यायला लावा. पाण्याची लाइन, बेस्टची केबल, महानगर गॅसची पाइप नकाशात दाखवलेल्या जागी असतेच असं नाही. नकाशा नसेल तर 'आधी हाताने खणा' हे लॉगशीटवरच लिहून सही घ्या.

आखातात जायचं असेल तर आधी दहावी पास व्हा. दहावी नसेल तर पासपोर्टवर इसीआर, म्हणजे 'परदेशी नोकरीला मंजुरी लागते' असा शेरा, लागतो आणि प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. नोंदणीकृत एजंटला ३० हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या वर घेता येत नाहीत. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. तिकडे पोहोचल्यावर मशीनची परीक्षा पुन्हा द्यावी लागते, आपलं प्रमाणपत्र फक्त दार उघडतं.

शेवटी सगळ्यांच्या मनात असतं ते: स्वतःचं मशीन. समजा ३० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, चार वर्षं. हप्ता ७६ हजारांच्या आसपास. जेसीबीचा भाडेदर तासाला १,२०० धरला, पाच लिटर डिझेलचे ४५० वजा केले, तर हातात ७५०. म्हणजे फक्त हप्त्यासाठी महिन्याला शंभर तास काम हवं. हेल्पर, सर्व्हिस, टायर, विमा यांचे आणखी पन्नास तास. आठ महिने हे जमतं. जून ते सप्टेंबर जमत नाही, आणि ठेकेदाराचं बिल दोन-तीन महिने मागे असतं. त्यामुळे खिशात निदान सहा हप्ते जमा असल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनं मशीन घेणार असाल तर बघायला सकाळी जा, इंजिन अजून थंड असताना, आणि आधीच चालू करून ठेवू नका असं सांगा. थंड इंजिनचा धूर बघा. ऑइलची टोपी उघडून वाफ किती येते ते बघा. बूम वर उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. बूम खाली येत असेल तर सिलिंडरची सीलं किंवा व्हॉल्व्ह गेलेत. बकेटच्या पिना हाताने हलवून बघा. मीटरवर ४,००० तास आणि पेडलचं रबर पार गुळगुळीत असेल तर मीटर बदललेलं आहे असं धरून चाला. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव असेल तर तिची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा अर्ज) हातात पडेपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.