लुडविग्सबुर्गमधले आमचे आठ-आठ आणे

"टोकन किती दिलंत?" जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गमध्ये घर पसंत पडल्याचं कळवलं तेव्हा पुण्याहून अप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, पहिला प्रश्न. टोकन नाही म्हटल्यावर फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. जर्मनीत नोटरीपुढे, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञापुढे, सही होईपर्यंत तोंडी शब्दाला काडीची किंमत नाही. विकणारा आदल्या दिवशी फिरू शकतो, आपणही. मग अप्पांनी आवाज उतरवून विचारलं, "आणि रोख किती?" त्यावर मात्र मी हसले. २०२३च्या एप्रिलपासून इथे रोखीने घर घ्यायला कायद्यानेच बंदी आहे.

परदेशी माणसाला जर्मनीत घर घ्यायला आडकाठी नाही. अडतं ते बँकेत. आम्ही ब्ल्यू कार्डवर, म्हणजे नोकरीसाठीच्या मुदतीच्या परवान्यावर, होतो तेव्हा पहिल्या बँकेने "कायमचा परवाना आला की या" म्हणून वाटेला लावलं होतं. परवाना आला तोवर व्याज चार टक्क्यांच्या आसपास गेलेलं. आमचं दहा वर्षांसाठी बांधलेलं, म्हणजे तोवर दर बदलत नाही. बोनस आला की फेडून टाकू, हा आपला हिशेब इथे बसत नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर बँक भरपाई मागते. म्हणून दरवर्षी पाच टक्के जादा भरायची मुभा आम्ही करारातच घालून घेतली.

फ्लॅट ३,२०,००० युरोचा. त्यावर आमच्या बाडेन-वुर्टेमबेर्ग राज्याचा ५ टक्के खरेदी कर, नोटरी आणि नोंदणी मिळून साधारण २ टक्के, शिवाय दलाली. २०२०च्या डिसेंबरपासून विकणाऱ्याने नेमलेल्या दलालाचा निम्म्याहून जास्त भार घेणाऱ्यावर टाकता येत नाही, तरी आमच्या वाट्याला ११ हजारांवर आलेच. एकूण ३३ हजारांच्या पुढे गेलं, आणि आमच्या बँकेने यातला एक पैसा दिला नाही. वाचले ते फक्त ४०० युरो, स्वयंपाकघरामुळे. इथे घर सोडताना लोक ओटा-कपाटांसकट सगळं उचकटून नेतात. आमच्या विकणाऱ्या बाईंनी ते ठेवलं, आणि करारात त्याची ८,००० किंमत वेगळी लिहिली. जंगम वस्तूंवर हा कर लागत नाही. अप्पांना या सगळ्या व्यवहारात मनापासून आवडलेली गोष्ट हीच.

कराराचा मसुदा सहीच्या दोन आठवडे आधी हातात आला. मी तो शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. तरी नोटरींनी आधी फोनवर माझ्याशी दोन मिनिटं बोलून निकाल दिला: दुभाषी लागेल. नवऱ्याचं जर्मन चांगलं आहे, पण तो स्वतःच खरेदीदार, त्यामुळे तो चालत नाही. दुभाषीबाईंचे पैसे आमच्याकडून.

कायद्याने नोटरीला अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. आमचे नोटरी वाचायचे ते सत्यनारायणाला उशीर झालेल्या गुरुजींसारखे, एका दमात. परिच्छेद संपला की दुभाषीबाई इंग्रजीत सांगायच्या, मी मान डोलवायची, की पुढचा अध्याय. अडीच तास. मधेच नोटरींनी चष्मा काढून विचारलं, "तुमचं लग्न कधी झालं? कुठे?" मला वाटलं, गप्पा मारतायत. पण नवरा-बायकोच्या मालमत्तेला कोणत्या देशाचा कायदा लागू, हे त्यावर ठरतं. लग्न २०१६चं, पुण्यातलं. २९ जानेवारी २०१९ किंवा त्यानंतरचं असतं तर लग्नानंतर पहिला एकत्र संसार कुठे मांडला, हे पाहिलं असतं. आम्ही दोघं भारतीय, म्हणून भारतीय कायदा. त्यात नवऱ्याचं ते नवऱ्याचं, बायकोचं ते बायकोचं. म्हणून हिस्से स्वच्छ लिहावे लागले: निम्मा-निम्मा. सात वर्षांच्या संसारात आमच्यात हे बोलणं पहिल्यांदा झालं, तेही नोटरीच्या टेबलावर, दुभाष्यामार्फत.

सहीनंतर पैसे लगेच द्यायचे नसतात. आधी भूमी-नोंदवहीत आपल्या नावाची आगाऊ नोंद चढते, म्हणजे मधल्या काळात घर दुसऱ्याला विकलं तरी आपला हक्क शाबूत. मग नोटरींचं पत्र येतं: आता भरा. आमचं पाच आठवड्यांनी आलं. बँकेने पैसे थेट पाठवले, किल्ल्या मिळाल्या. खरेदी कर भरल्याचा दाखला करखात्याकडून नोटरीकडे गेला की मगच मालक म्हणून नाव लागतं.

या सगळ्या काळात दर रविवारी फोन: "सूनबाई, इंडेक्स टू आला का?" इंडेक्स टू म्हणजे आपल्याकडचा खरेदीच्या नोंदणीचा उतारा. किल्ली हातात आणि कागद नाही, हे अप्पांच्या पचनी पडेना. चार महिन्यांनी इथल्या भूमी-नोंदवहीचा उतारा आला, तेव्हा फोटो पाठवला. जर्मन त्यांना कळत नाही, पण दोन नावं आणि दोन्हींपुढे १/२ एवढं वाचता येत होतं. उत्तर आलं: "आठ-आठ आणे. बरोबर. आता मूळ प्रत लॉकरमध्ये ठेव."

इथे लॉकरमध्ये ठेवण्यासारखं काही नसतं. खरी नोंद ती नोंदवहीतली, हा नुसता छापील कागद. ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.