छान आहे की!

आमच्या बेळगावात कुणाला चित्र दाखवलं की पहिला शब्द ठरलेला. मराठी माणूस म्हणणार, ‘छान आहे की!’ कानडी माणूस म्हणणार, ‘छलो आग्यादऽ.’ दोन्ही ऐकून बरं वाटतं आणि दोन्हींचा उपयोग शून्य.

पन्नाशीत मी रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. शहापुरातली एक माडी, आठवीतल्या पोरापासून निवृत्त पोस्टमास्तरांपर्यंत आम्ही नऊ-दहा जण. चित्रकार के. बी. कुलकर्णींकडे नामवंत चित्रकार रवी परांजपे याच गावात शिकले, हे सर अधूनमधून सांगतात. ऐकलं की हातातला ब्रश लपवावासा वाटतो.

वर्ग संपताना चित्रं भिंतीला टेकवून ठेवायची आणि एकमेकांच्या चित्रावर बोलायचं. सरांची अट एकच : बोट कुठंतरी टेकलं पाहिजे. नुसतं ‘रंग छान’ चालत नाही. कुठला रंग, कुठं, आणि शेजारी काय आहे म्हणून छान?

मध्ये आम्ही किल्ल्यातली कमलबस्ती रंगवायला गेलो. रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ सालचं जैन मंदिर. छतातल्या दगडी कमळावरून नाव पडलेलं. माझं चित्र बघून आठवीतला पोरगा म्हणाला, ‘काकू, देऊळ तरंगतंय.’

मी लगेच वकिली सुरू केली. ऊन सारखं सरकत होतं, कागद हलका होता, मध्येच एक सहल येऊन उभी राहिली. पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि जोत्यापाशी बोट टेकवलं. ‘इथं सावलीच नाही की.’

सर म्हणाले, डोळे किलकिले करून बघा. तसं केल्यावर बारकावे पुसले गेले, गडद-फिकट ठोकळे तेवढे उरले. देऊळ खरंच तरंगत होतं. खांबांमागच्या सावल्या मी काळ्या ट्यूबमधून थेट काढल्या होत्या, त्या डांबर ओतल्यासारख्या दिसत होत्या. ‘काळा घरी ठेवा. निळ्या अल्ट्रामरिनमध्ये तांबूस-तपकिरी बर्न्ट सायना मिसळा, सावलीत जीव येतो.’ जलरंगात खोडाखोड फारशी जमत नाही. त्यामुळे ऐकलेलं सगळं पुढच्या कागदाच्या खात्यात जमा.

ऐकून घेणं एकवेळ जमतं, सांगताना माझी जीभ अडते. पोस्टमास्तरांनी बायकोचं चित्र काढलं होतं. डावा डोळा चांगलाच वर गेलेला. मी म्हटलं, ‘छान आहे की!’

‘ते ती पण म्हणाली,’ मास्तर हिरमुसून म्हणाले.

मग मी बोट टेकवलं. सरांनी भिंतीवरचा आरसा काढून चित्रासमोर धरला. उलट्या प्रतिमेत तर डोळा कपाळालाच टेकला. मास्तर बराच वेळ बघत राहिले. ‘तिचा तसाच आहे हो.’

पुढच्या रविवारी ते पुरावाच घेऊन आले. मंडळी स्वतः, हातात कुंद्याचा डबा. आम्ही सगळ्यांनी कुंदा घेता घेता चोरून त्यांच्या डोळ्याकडे बघितलं. जरासा वर होता खरा. कुणी काही बोललं नाही. कुंदाही छान होता.

तेवढ्यात आठवीतल्या पोरानं बोट चाटून सदऱ्याला पुसलं आणि चित्रावर टेकवलं.

‘आजोबा, एवढा नाही की.’