तीनची खूण आणि येळवस

काल येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात पूजा आणि जेवणाचा सण. सकाळी नऊला आईचा फोन आला, तिकडं दीड वाजलेला. लातूरकडं अख्खं गाव शेतात, आमची पंगत कडब्याच्या कोपीपाशी. "जेवलीस का गं?" एवढंच ती म्हणाली आणि मला बोलता येईना. भज्जी, अंबिल सोडून मी म्युनिकात, आणि माझी एका ओळीची दुरुस्ती तिसऱ्यांदा परत आलेली.

आम्ही कंपायलर बनवतो, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. दुरुस्ती त्याच्या प्रीप्रोसेसरमधली, म्हणजे आधी हेडरच्या फाइली कोडात जोडणाऱ्या भागातली. सिस्टिम हेडरमधल्या, म्हणजे सिस्टिमसोबत तयार येणाऱ्या फाइलींमधल्या कोडवर कंपायलर सहसा वॉर्निंग देत नाही. ते हेडर आपल्याला थोडंच बदलता येतं? जीसीसी या कंपायलरनं प्रीप्रोसेस केलेल्या फाइलीत अशा हेडरचं नाव सांगणाऱ्या ओळीत ३ ची खूण असते. आमच्या कंपायलरमध्ये हेडर संपलं तरी ती खूण पुसली जात नव्हती. म्हणजे आपल्याच कोडच्या वॉर्निंगसुद्धा गिळल्या जायच्या.

मी टेस्ट लिहिली: हेडरमध्ये न वापरलेलं व्हेरिएबल, फोल्डर -आयसिस्टिमनं दिलेला, म्हणजे त्यातले हेडर सिस्टिमचे धरायचे. वॉर्निंग नाही, टेस्ट पास. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "सगळ्याच वॉर्निंग बंद पडल्या असत्या, तरी ही पास झाली असती ना?"

राग आला. एका ओळीसाठी एवढं? पण त्यांचंच खरं होतं. मूळ चूकच गप्प बसण्याची, आणि मी तपासत होते गप्प बसणं! मग तोच फोल्डर साध्या -आयनं, म्हणजे आपलाच म्हणून दिला, वॉर्निंग यायलाच हवी. सिस्टिम हेडरच्याही वॉर्निंग दाखवायला सांगणारं -डब्ल्यूसिस्टिम-हेडर्स लावून पुन्हा यायला हवी. आणि मुख्य म्हणजे हेडर आत घेणाऱ्या इन्क्लूडच्या ओळीखाली, माझ्या स्वतःच्या फाइलीतही यायला हवी.

नांदेडला आम्हाला कुणी हेडर उघडून दाखवलं नाही. प्रोग्रामच्या वरच्या, हेडर आत घेणाऱ्या दोन ओळी पाठ होत्या. त्यातलं कोनिओ डॉट एच सीच्या स्टँडर्डमध्येच नाही, हे इथं येऊन कळलं. पण आमच्या शिक्षणाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. लोडशेडिंगमध्ये वहीवर ओळ न् ओळ चालवून बघायची सवय तिथलीच. काल ३ ची खूण कुठं अडकते ते मी कागदावरच शोधलं. इथल्या पोरांना त्यासाठी डीबगर, म्हणजे कोड पायरीपायरीनं चालवून दाखवणारं साधन लागतं.

दुपारी दोनला मंजुरी आली. लगेच आईला फोन लावला. तिकडं अंधार पडला होता, सगळे बैलगाडीतून घरी निघालेले. "अंबिल उरलीय," ती म्हणाली, "कुणाला देऊ?"